घोडी आडवी करण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे १२ वर्षांची काठेवाडी घोडी आहे. सात वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. लग्नसराईत वरातीला जाते. गेल्या पाच महिन्यांत फितीने मोजलेले तिचे वजन ३७० किलोवरून ३१० किलोवर आले. खाणे बरे आहे, पण लीद गोळ्यांची न पडता शेणासारखी पडते, महिन्यातून दोन-तीन वेळा पोट दुखते आणि तासाभराने आपोआप थांबते. आता पोटाखाली सूज आली आहे. पुढच्या पायाच्या लंगडण्यासाठी उन्हाळ्यापासून फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक देतो. रक्तात १०० मिलिलिटरमागे एकूण प्रथिने ४.८ आणि त्यांतले अल्ब्युमिन हे प्रथिन १.७ ग्रॅम निघाले. लिदीत जंतांची अंडी नाहीत. निदानासाठी पोट उघडून आतड्यांचे तुकडे तपासावेत, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. मेहुणे म्हणतात, घोडी टेबलावर गेली की परत येत नाही. काय करावे? आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींसाठी सुपाऱ्या घेतल्या आहेत, त्यांचे काय करावे?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आपण रक्ताचा अहवाल जोडलात आणि चालू असलेले औषध न लपवता लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मेहुण्यांचे म्हणणे अतिशयोक्तीचे असले तरी निराधार नाही आणि डॉक्टरांची सूचनाही चुकीच्या हेतूने केलेली नाही. माझे मत असे की, आज ही शस्त्रक्रिया करू नये; काही तपासण्या राहिल्या आहेत, त्या सर्व घोडी उभी असतानाच होतात, आणि त्यांतली एक तपासणी आपल्या पत्रातील एका वाक्यामुळे फार महत्त्वाची ठरते.

प्रथम एक फरक स्पष्ट करतो, कारण तो न कळल्यामुळे घोडे दगावलेले मी पाहिले आहेत. आतड्याला पीळ पडून घोडा तडफडत असतो तेव्हा पोट उघडणे हाच उपचार असतो. तिथे तासांचा हिशेब असतो आणि विचार करत बसणारा मालक घोडा गमावतो. आपल्या घोडीची गोष्ट वेगळी आहे. तिचा आजार पाच महिन्यांचा आहे, ती खाते आहे, चालते आहे, आणि शस्त्रक्रियेचा उद्देश काही दुरुस्त करणे हा नसून केवळ पाहणे आणि नमुना घेणे हा आहे. म्हणून इथे धोका मोजताना दुसऱ्या पारड्यात काय पडते ते पाहावे लागते : मिळालेल्या उत्तरामुळे पुढचा उपचार बदलणार आहे का?

आता धोक्याकडे वळू. लोकांना भीती वाटते ती सुरीची, परंतु घोड्याच्या बाबतीत खरी भीती आडवे होण्याची आणि पुन्हा उठण्याची असते. तीन-चारशे किलोंचा हा प्राणी उताणा केला की पाण्याने आणि चाऱ्याने भरलेली अवजड आतडी श्वासपटलावर रेलतात, फुप्फुसे दबतात आणि रक्तातला प्राणवायू कमी होतो. शरीराच्या वजनाखाली आलेल्या स्नायूंना रक्त कमी पोहोचते. म्हणूनच भूलतज्ज्ञ सरासरी रक्तदाब ७० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये यासाठी सारखे औषध वर-खाली करत असतात, कारण तो खाली राहिला तर जाग आल्यावर स्नायू लाकडासारखे कडक होऊन घोडा उभाच राहू शकत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४० हजारांहून अधिक घोड्यांच्या पाहणीत पोटशूळ नसलेल्या घोड्यांपैकीही शंभरात सुमारे एक घोडा भुलीनंतरच्या सात दिवसांत दगावल्याचे आढळले. अलीकडच्या पाहणीत हा आकडा थोडा उतरला आहे, तरी माणसाच्या किंवा कुत्र्याच्या भुलीशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. २००२ च्या पाहणीतील त्या मृत्यूंपैकी जवळजवळ एकतृतीयांश हृदय बंद पडल्याने झाले होते, आणि जवळजवळ एकचतुर्थांश घोडे जागे होताना हाड मोडल्यामुळे गेले होते.

हाड मोडणे म्हणजे काय, हे मी नोकरीच्या काळात एकदा फार जवळून पाहिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, सव्वा तासात पोट शिवून झाले होते, आणि तो कुमैत रंगाचा घोडा चारही भिंतींना जाड गाद्या लावलेल्या खोलीत कुशीवर झोपलेला होता. त्याच्या मोरखीला एक आणि शेपटीला एक असे दोन दोर बांधून आम्ही दाराबाहेर उभे होतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी असल्यामुळे शुद्ध अर्धवट आली तरी त्याला आधी उठायचे असते. पायात ताकद यायची तो वाट पाहत नाही. पहिल्यांदा तो छातीवर बसला आणि कलंडला, दुसऱ्यांदा पुढचे पाय रोवून अर्धा उठला आणि भिंतीवर आपटला. तिसऱ्यांदा तो उभा राहिला आणि सगळ्यांनी श्वास सोडला, तेवढ्यात मागचा उजवा पाय घसरला आणि सुका ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज आला. नडगी मोडली होती. त्याचा मोतद्दार दारातच खाली बसला. आठ दिवसांनी आतड्याच्या तुकड्याचा अहवाल आला आणि त्यात सांगितलेले औषध आम्ही शस्त्रक्रियेविनाही सुरू करणारच होतो. त्या अहवालाचा कागद मी पुष्कळ दिवस टेबलाच्या खणात ठेवला होता.

असे प्रत्येक वेळी होत नाही; शंभरातले बहुतेक घोडे दोनदा धडपडून व्यवस्थित उठतात आणि संध्याकाळी गवत मागतात. परंतु तो शंभरातला एक निरोगी घोड्यांच्या हिशेबातला आहे, आणि आपली घोडी निरोगी नाही. तिचे अल्ब्युमिन १.७ आहे, ते साधारण अडीच ते साडेतीन ग्रॅम असावे लागते. अल्ब्युमिन दोनच्या खाली गेले की रक्तातले पाणी वाहिन्यांत टिकत नाही आणि ते पोटाखाली, छातीखाली उतरते. आपण लिहिलेली सूज तीच. असे घोडे भुलीखाली रक्तदाब धरून ठेवत नाहीत, शिरेतून दिलेले सलाइनही त्यांच्या अंगात झिरपते. त्यातही अधिक काळजीची बाब अशी की, जखम भरून येण्यासाठी जी प्रथिने लागतात तीच तिच्या आतड्यातून गळून चालली आहेत. पोटाच्या मधोमध सुमारे वीतभराहून मोठा छेद घेतला जातो, आणि त्या शिवणीवर शंभर किलोंच्या घरातली आतडी दिवसरात्र लोंबकळत राहतात. निरोगी घोड्यातही ही शिवण कधी कधी पिकते, काहींना पुढे तिथे हर्निया होतो. सुजलेल्या, प्रथिने कमी झालेल्या पोटात ती शक्यता वाढते.

बाहेरच्या शिवणीपेक्षा आतली शिवण नाजूक असते. आतड्याच्या भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा घ्यायचा म्हणजे आतड्याला भोक पाडून ते शिवायचे, तेही दोन-तीन ठिकाणी, कारण आजार कुठे आहे हे ठाऊक नसते. आजारी भिंतीत टाका धरत नाही, आणि एखादी शिवण पाझरली तर घाण पोटाच्या पोकळीत उतरून जो दाह होतो त्यातून घोडा क्वचितच वाचतो. न पाझरली तरी हाताळलेली आतडी काही दिवस चालायचीच थांबू शकतात, किंवा महिन्याभराने एकमेकांना चिकटून नवाच पोटशूळ सुरू होऊ शकतो; म्हणजे जे दुखणे तासाभरात थांबत होते ते न थांबणारे होऊन बसते. मानेच्या शिरेत गाठ धरणे, जुलाब लागणे, खुरांच्या आतल्या अस्तराला सूज येणे हेही मागोमाग येऊ शकतात. त्यांचा विस्तार करत नाही.

आता आपल्या पत्रातील ज्या वाक्याचा मी उल्लेख केला, ते फिनाइलब्युटाझोनचे. हे औषध वाईट नाही. लंगडणाऱ्या घोड्याला ते फार उपयोगी पडते. परंतु ते दीर्घकाळ, किंवा वजनाच्या मानाने जास्त, किंवा घोडा पाणी कमी पीत असताना दिले गेले, तर जठरात व्रण पडतात आणि मोठ्या आतड्याचा उजवीकडील वरचा भाग आतून सोलवटतो. तिथून प्रथिने गळतात, अल्ब्युमिन उतरते, पोटाखाली सूज येते, लीद पातळ होते आणि मधूनमधून पोट दुखते. आपले पत्र पुन्हा वाचून पाहा. हेच निदान आहे असे मी घोडी न पाहता म्हणणार नाही, परंतु औषध उन्हाळ्यात सुरू झाले आणि वजन त्यानंतर उतरले, हा क्रम दुर्लक्षिण्यासारखा नाही. शिवाय ३७० किलोंच्या घोडीसाठी ठरवलेली मात्रा ३१० किलोंच्या घोडीला तशीच चालू राहिली असेल, तर ती आपोआप वाढलीच आहे.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने यातली गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, असे की मोठ्या आतड्याचा नेमका हा भाग पोटाच्या मधल्या छेदातून बाहेर काढता येत नाही. जठर, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, अंधांत्राचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीचा) तळ आणि हा उजवा वरचा भाग शरीराला आतून बांधलेले असतात. शस्त्रवैद्याला ते बहुतांशी हाताने चाचपावे लागतात. म्हणजे एवढा धोका पत्करून पोट उघडले तरी संशयाची जागा डोळ्यांसमोर येईलच असे नाही. उलट सोनोग्राफीत ती उजव्या बाजूने, अकराव्या ते चौदाव्या बरगड्यांच्या फटींतून, उभ्या घोडीत दिसते. तेथील भिंत साधारण तीन-चार मिलिमीटरची असते. ती सहा-सातच्या पुढे गेलेली दिसली की संशय पक्का होत जातो. पोटाची संपूर्ण सोनोग्राफी ही आपली पहिली तपासणी असावी, आणि ती करताना लहान आतड्याची भिंतही मोजून घ्यावी, जी तीन मिलिमीटरच्या आसपास असते.

लीद शेणासारखी पडते हे आपले निरीक्षणही मोलाचे आहे. घोड्याचे केवळ लहान आतडे आजारी असेल तर पुढचे मोठे आतडे पाणी शोषून घेते आणि लीद बहुधा गोळ्यांचीच राहते. ती सैल होते तेव्हा बिघाड मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचलेला असतो. मोठ्या आतड्याचे दुसरे नेहमीचे दुखणे जंतांचे. आपण लिहिता की लिदीत अंडी नाहीत, पण त्यावर विसंबू नये. बारीक तांबड्या जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत पुटकुळ्या करून महिनोन्महिने दडून बसतात. त्या वयात न आल्यामुळे अंडी घालत नाहीत, आणि नेहमीच्या आयव्हरमेक्टिनच्या पेस्टचा त्यांच्यावर पुरेसा परिणाम होत नाही. भिंतीतल्या अळ्यांवर चालणारे औषध वेगळे असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे, कारण अळ्या एकदम मेल्या तर भिंतीला सूज येऊन जुलाब वाढू शकतात.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची आणि या ऋतूची. पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या की सर्रा पसरतो. रक्तातल्या परजीवीचा हा रोग १८८० साली ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माइल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. घोडा खात असूनही खंगत जातो, मधूनमधून ताप चढतो व उतरतो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तो आतड्याच्या आजारासारखाच दिसतो. आपण ताप मोजल्याचे लिहिलेले नाही. आजपासून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून वहीत नोंद ठेवावी. घोड्याच्या अंगाचे तापमान सामान्यतः ३८.५ अंश सेल्सिअसच्या आत असते. एका रक्तपट्टीत परजीवी दिसला नाही म्हणून सर्रा नाही असे ठरत नाही. ताप चढलेला असताना रक्त घ्यावे आणि गरज पडल्यास आपल्या डॉक्टरांमार्फत नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवावा. ज्या घोडीला सर्रा आहे तिचे पोट उघडणे यासारखी चूक नाही.

याशिवाय दात तपासून घ्यावेत, आणि लिदीत वाळू येते का ते घरीच पाहावे. बादलीतली ताजी लीद पाण्यात कालवून पारदर्शक पिशवीत घालून टांगली की अर्ध्या तासात वाळू तळाशी बसते. पंचगंगेच्या काठी जमिनीवर टाकलेला चारा खाणाऱ्या जनावरांत मला ती अनेकदा सापडली आहे. उसाचे वाडे घोडीला देत असाल तर तूर्त बंद करावे. ते भरड असते आणि सोललेल्या आतड्याला ओरखडतेच.

एवढ्यावरही उत्तर मिळाले नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत, आणि त्याही घोडी उभी असतानाच चढता येतात. ग्लुकोज शोषण चाचणीत घोडीला रात्रभर उपाशी ठेवून किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे तिला सुमारे ३१० ग्रॅम ग्लुकोज दीड लिटर पाण्यातून नाकातल्या नळीने देतात आणि दर अर्ध्या तासाने रक्तातली साखर मोजतात. लहान आतडे शाबूत असेल तर दोन तासांत ती जवळजवळ दुप्पट होते. गुदमार्गातून हात घालून भिंतीचा चिमूटभर तुकडा घेता येतो, ज्यासाठी केवळ गुंगीचे इंजेक्शन पुरते. तीन मीटरची दुर्बीण मिळाल्यास जठरातले व्रण दिसतात आणि पुढच्या आतड्याच्या अस्तराचाही नमुना मिळतो. हे तुकडे वरवरचे असतात, त्यांतून नेहमीच निदान होत नाही हे खरे; परंतु त्यांच्यामुळे कोणी पाय मोडून घेत नाही. कुशीतून छिद्र पाडून, जागा बधिर करून, उभ्या घोड्यात दुर्बिणीने पोटात डोकावण्याची पद्धतही आहे. पोट पाहायचेच ठरले तर आधी ती कुठे उपलब्ध आहे याची चौकशी करावी. आपल्याला जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळचे. तिथे विचारणा करावी, पण घोडी न्यायची झाल्यास पावणेदोनशे किलोमीटरांचा रस्ता आणि खंबाटकीचा घाट अशक्त जनावराला झेपेल का, याचाही विचार करावा लागेल.

या सर्वातून गेल्यावर एखादी गाठ हाताला लागली, आतड्याचा थोडाच भाग जाड झालेला दिसला, किंवा आतड्यातल्या खड्यासारखा अडथळा असल्याची चिन्हे आढळली, तर मात्र माझे मत उलटे होईल, कारण तेव्हा पोट उघडल्यावर काही काढून टाकताही येते. मग शस्त्रवैद्याला विचारावे की अल्ब्युमिन वाढवण्यासाठी आधी प्लाझ्मा देणार का, भूल देणारा डॉक्टर स्वतंत्र असेल का, उठवण्याच्या खोलीची व्यवस्था कशी आहे, आणि पोटात असाध्य काही दिसले तर घोडीला टेबलावरूनच शांतपणे जाऊ द्यायचे का. शेवटचा प्रश्न घरात बसून आधी सोडवावा. रात्री फोनवर तो सोडवता येत नाही. एक गोष्ट आणखी : आतड्याच्या सुजेवर स्टिरॉइड सुरू करून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी सर्रा आणि जंत यांचा निकाल लावून घ्यावा आणि तुकडे घ्यायचे असतील तर ते स्टिरॉइडच्या आधी घ्यावेत, कारण नंतर घेतलेला तुकडा पुष्कळदा काहीच सांगत नाही.

तोवर, डॉक्टरांशी बोलून फिनाइलब्युटाझोन आजच थांबवावे आणि पायासाठी दुसरी व्यवस्था करावी. लांब धाग्याचा भरड चारा कमी करून मऊ, कुटलेला, भिजवलेला आहार दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा द्यावा. इसबगोलाचा उपयोग होतो, मात्रा डॉक्टर सांगतील. उजव्या वरच्या आतड्याचेच दुखणे असेल तर ते भरायला तीन महिने ते सहा महिने लागतात, आणि दर पंधरवड्याला अल्ब्युमिन मोजले की आपण बरोबर वाटेवर आहोत की नाही ते कळते. पोट दुखू लागले तर बांबूच्या नळकांड्याने गोडेतेल पाजू नये. ते फुप्फुसात जाते. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजावी. ती मिनिटाला साठच्या वर गेली, हिरड्या काळपट झाल्या, किंवा वेदनाशामक इंजेक्शननंतरही घोडी लोळत राहिली, तर या पत्रात मी शस्त्रक्रियेविरुद्ध लिहिलेले सर्व बाजूला ठेवून तिला ताबडतोब शस्त्रक्रियेच्या ठिकाणी हलवावे.

आणि आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की, तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींसाठी घेतलेल्या सुपाऱ्यांचे काय करावे. शस्त्रक्रिया झाली तरी तीन महिने विश्रांती, न झाली तरी औषधावर जवळजवळ तेवढीच. त्या सुपाऱ्या आताच परत कराव्यात, म्हणजे त्या मंडळींना दुसरी घोडी पाहायला वेळ मिळेल.